त्याला खायला काय घातलं?

आत्याबाईंच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी महिनाभर टीव्ही बंद सांगितला. उजव्या डोळ्याला आधीपासूनच फार दिसत नाही. त्यात एप्रिलचे दिवस. सोलापूरचं ऊन असं, की सकाळी अकरा वाजता रस्ते ओस पडतात आणि पंख्याचं वारंसुद्धा भट्टीवरून आल्यासारखं लागतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण हात कधी रिकामा नाही. ते हात पोटावर ठेवून, काळा चष्मा लावून त्या दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या, ते मला बघवेना.

"आत्याबाई, काही वाचून दाखवू का?"

"पोथी?"

"पोथी नको. गोष्टी वाचते. जनावरांच्या."

का तसं म्हणाले, सांगता येणार नाही. लहानपणापासून मला त्याच गोष्टींचं वेड. हिराचंद नेमचंद वाचनालयात गेले की कुत्र्याचं, घोड्याचं, हरणाचं चित्र असलेलं पुस्तक आधी हातात यायचं. घरी आणून, पांघरुणात तोंड खुपसून, रडून रडून वाचायचं. रडू आलं की पुस्तक चांगलं, असा माझा साधा हिशेब होता आणि तो पुढे बरीच वर्षं तसाच राहिला.

पहिली वाचली ती महादेवी वर्मांच्या गिल्लूची. 'मेरा परिवार' हे त्यांचं १९७२ सालचं पुस्तक, घरात पाळलेल्या प्राण्यापाखरांविषयी. हिंदी पान पुढ्यात धरून मी मराठीत सांगत होते. घरट्यातून पडलेलं खारीचं एवढंसं पिल्लू कुंडी आणि भिंतीच्या सांदीत अडकलंय, दोन कावळे त्याला चोची मारताहेत, लेखिका त्याला उचलून घरात आणतात, रक्त पुसून मलम लावतात. इथे मी क्षणभर थांबले, तर आत्याबाई म्हणाल्या,

"त्येला खायला काय घातलं?"

उत्तर पुढच्याच ओळींत होतं. कापसाची बारीक वात दुधात भिजवून त्याच्या तोंडाला लावली. तोंड उघडेना. दुधाचे थेंब दोन्ही बाजूंनी ओघळून गेले. कितीतरी तासांनी पाण्याचा एक थेंब तोंडात गेला.

"आसंच अस्तंय," त्या म्हणाल्या. "आधी पाणी घेतंय. दूध मागनं."

पुढे गिल्लू मोठा होतो, काजूसाठी हट्ट करतो. लेखिकेला अपघात होतो, त्या दवाखान्यात पडून राहतात. परत आल्यावर गिल्लूचा झोका साफ करायला घेतात, तर त्यात काजू साठलेले. आवडता खाऊ, पण तो त्यानं त्या दिवसांत जवळपास खाल्लाच नव्हता. शेवटी गिल्लू मरतो, सोनजुहीच्या वेलीखाली त्याला पुरतात. मी लहानपणी रडायचे ती या जागेवर. आत्याबाई मात्र काजूपाशीच राहिल्या. संध्याकाळी भाजी निवडताना आपल्याशीच म्हणाल्या, "खाल्लं न्हाईत बघ त्यानं."

मग माझ्या लक्षात यायला लागलं. गोष्ट कुठलीही असो, त्यांचा प्रश्न तोच. पहिल्यांदा वाटलं, खेड्यातल्या बाईची सवय आहे, पाव्हणा आला तरी आधी जेवलास का विचारायचं. पण आठवडाभरानं वाटायला लागलं, की मी चाळीस वर्षं वाचलेल्या पुस्तकांना हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

हाचिकोची गोष्ट घ्या. आता ती सगळ्यांना माहीत आहे. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक उएनो. त्यांचा कुत्रा रोज संध्याकाळी शिबुया स्टेशनवर त्यांना घ्यायला जायचा. १९२५ च्या मे महिन्यात प्राध्यापक विद्यापीठातच वारले. कुत्रा मात्र स्टेशनवर येत राहिला, १९३५ च्या मार्चमध्ये तो स्वतः मरेपर्यंत. ही गोष्ट मी माझ्या मुलांना कितीदा सांगितली असेल. दरवेळी आवाज जड व्हायचा तो 'वाट बघत राहिला' या शब्दांशी. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नऊधा वर्सं?"

"हो."

"मग येवढी वर्सं त्येला खायला कोण घालत हुतं?"

मला उत्तर देता आलं नाही. शोधावं लागलं. आणि शोधल्यावर गोष्टीत अशी माणसं दिसायला लागली जी मला आजवर दिसलीच नव्हती. प्राध्यापकांकडे पूर्वी बागकाम करणारा एक माळी स्टेशनजवळ राहायचा. मालक गेल्यावर हाचिको त्याच्याकडे राहिला, त्याच्या घरचं खाऊन वाढला. स्टेशनवर सुरुवातीला त्याला हाकलत, त्रास देत. १९३२ मध्ये वर्तमानपत्रात त्याच्यावर लिहून आलं आणि लोक त्याच्यासाठी खाऊ आणायला लागले. त्याचा पुतळा तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये, उभा राहिला. मेल्यावर त्याचं पोट तपासलं, तर आत बांबूच्या काड्या सापडल्या. तिकडे कोंबडीचे तुकडे काडीला लावून भाजून विकतात, त्या काड्या. कुणीतरी त्याला ते खाऊ घातलं होतं आणि त्यानं काडीसकट गिळलं होतं.

हे सांगितलं तेव्हा आत्याबाई उठून बसल्या. "मंजी त्या माळ्याची बी गोष्ट हाय की ही. त्येचं नाव न्हाई का घेत कुणी?"

मला वाटतं, त्या दिवशी माझं वाचन बदललं. निष्ठा मोठी खरीच, पण त्या निष्ठेला रोज संध्याकाळी कुणीतरी भाताचा घास घालत होतं म्हणून ती दहा वर्षं टिकली. आपण पुतळ्याकडे बघतो. आत्याबाईंना ताटली दिसते.

त्यांच्यासाठी यात नवं काही नव्हतंच. त्या पंढरपूरच्या शेजारच्या, कीर्तनं ऐकत वाढलेल्या. "नामद्येवाचं काय वायलं हाय?" त्या म्हणाल्या आणि ती गोष्ट त्यांनी मला सांगितली, जणू मी पहिल्यांदा ऐकतेय. नामदेव महाराज जेवायला बसणार, तेवढ्यात कुत्र्यानं भाकरी पळवली. महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. आपण शाळेत याचा अर्थ शिकलो, की संतांना सगळ्यांत विठ्ठल दिसतो. आत्याबाई अर्थ सांगत नाहीत. त्या म्हणतात, "कोरडी भाकर नरड्यात आडकती. म्हून पळालं त्ये." नाथांनी रामेश्वराला न्यायचं गंगेचं पाणी वाटेत तहानेल्या गाढवाला पाजलं, तीही गोष्ट त्यांच्या तोंडून अशीच येते. गाढव वाळूत कसं पडलं होतं, जीभ कशी बाहेर आली होती, हे सगळं त्या हातवारे करून सांगतात. कावडीतलं पाणी केवढं पवित्र, यावर मात्र त्या थांबत नाहीत.

मायेची जनावरं आणि त्यांची माया करणारी माणसं, एवढ्यानं गोष्ट ऊबदार होत नाही हे मला 'ब्लॅक ब्यूटी'नं पुन्हा शिकवलं. ॲना सेवेल या बाईचं हे एकमेव पुस्तक. लहानपणी पाय दुखावला तेव्हापासून नीट चालता येत नव्हतं, घोडागाडीवरच सगळी भिस्त. पुस्तक आलं १८७७ च्या शेवटी आणि पुढच्या वर्षी बाई गेल्या. गोष्ट घोडाच सांगतो. त्यात एक रात्र आहे. मालकीण आजारी, घोडा डॉक्टरला आणण्यासाठी मैलोगणती दौडत गेलाय, परत आलाय तो अंगातून वाफा निघताहेत. तबेल्यात जो नावाचा पोरगा आहे. मनानं चांगला. घोड्यावर त्याचा जीव. तो घोड्याचं अंग पुसतो, त्याला भरपूर गार पाणी देतो, दाणा देतो, आणि अंग तापलंय म्हणून त्याच्यावर पांघरूण घालत नाही.

"आगं आई गं," आत्याबाई मध्येच ओरडल्या. "घामेजल्या जनावराला लगी पाणी दावत्यात व्हय!"

घोडा मरता मरता वाचतो. जोनं वाईट चिंतलं नव्हतं, त्याला माहीत नव्हतं एवढंच. इंग्लंडातल्या तबेल्यातलं आणि मंगळवेढ्याच्या गोठ्यातलं ज्ञान एकच निघालं, याचा मला त्या दुपारी विलक्षण आनंद झाला. जनावरावर जीव असणं वेगळं आणि त्याचं अंग, त्याचं पोट, त्याची वेळ माहीत असणं वेगळं. सेवेलबाईंना हे दुसरं माहीत होतं, म्हणून त्यांचं पुस्तक दीडशे वर्षांनी, समुद्र ओलांडून, एका निरक्षर बाईला खाटेवर उठवून बसवतं.

मग रानातल्या जनावरांचं काय, तिथे कोण कुणाला घालणार? हा पेच मला मारुती चितमपल्लींनी सोडवून दिला. ते तर आपल्या गावचे. १९३२ साली सोलापुरात जन्मले, ३६ वर्षं वनखात्यात काढली, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शेवटी पुन्हा इथेच राहायला आले आणि २०२५ च्या जूनमध्ये, पद्मश्री स्वीकारून थोडेच दिवस झाले असताना, इथेच गेले. त्यांचं वाचताना आत्याबाईंनी प्रश्न विचारला नाही, कारण पानापानावर उत्तर होतं. कुठलं पाखरू कुठल्या झाडाचं फळ खातं, कुठल्या महिन्यात, रात्री कुठे निजतं. कावळ्यांच्या वसाहतीला काकागार आणि बगळ्याकरकोच्यांच्या वसाहतीला सारंगागार असे शब्द त्यांच्यामुळे माझ्या तोंडी बसले. आता सिद्धेश्वर तलावाकाठच्या झाडांवर संध्याकाळी कलकलाट सुरू झाला की माझं पाऊल थांबतं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' वानरांवरचं, त्यात गोडवा शोधून सापडत नाही, टोळीतली हाणामारी जशी आहे तशी. पण मला ते मायेचंच पुस्तक वाटतं. इतका वेळ, इतक्या बारकाईनं दुसऱ्या जिवाकडे बघत राहणं हीसुद्धा मायाच.

हेमलकशाला प्रकाश आमट्यांचं प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं तेही असंच, एका पोटापासून. शिकारीहून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेलं पिल्लू अजून दूध शोधत होतं. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं. शिकार करणाऱ्यांवर त्यांनी राग धरला नाही, कारण त्यांनीही पोटासाठीच मारलं होतं. हे वाक्य वाचल्यावर आत्याबाईंनी "व्हय" म्हणून मान हलवली.

आता मी ज्यासाठी लिहायला बसले तिथे येते.

प्रेमचंदांची दोन बैलांची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. हिरा आणि मोती. झुरी नावाच्या शेतकऱ्याची जोडी. त्याचा मेव्हणा त्यांना घेऊन जातो, राबवतो आणि पुढ्यात कोरडं भुसकट टाकतो. आत्याबाईंचा प्रश्न यायच्या आत गोष्टीनंच उत्तर दिलं. रात्री घरातली एक छोटी पोर, सावत्र आईचा मार खाणारी, हळूच येते, दोघांच्या तोंडात एकेक पोळी सारते आणि पळून जाते. त्या दोन पोळ्यांनी बैलांचं पोट काय भरणार? पण प्रेमचंद सांगतात, त्यांचं मन भरलं. पुढे कोंडवाड्याची भिंत, लिलाव, खाटीक, आणि ओळखीचा रस्ता दिसताच घराकडे धाव. आत्याबाई त्या दिवशी हसल्या. "गावचा रस्ता लागला की बैल न्हाईच ऐकत," म्हणाल्या.

त्याच हवेत दुसऱ्या दिवशी मी शरच्चंद्रांची 'महेश' वाचायला घेतली. घ्यायला नको होती असं तेव्हा वाटलं, आता वाटत नाही. बंगालमधला गफूर, कफल्लक विणकर, लेक अमिना आणि म्हातारा बैल महेश. दुष्काळ. कुणी पेंढा देत नाही. तेव्हा गफूर घराच्या छपरातला पेंढा उपसून महेशपुढे टाकतो.

"आमी बी काडलं हुतं," आत्याबाई म्हणाल्या.

मी पुस्तक खाली ठेवलं.

"बाह्यात्तरला. गोठ्याच्या छपराचा कडबा. काळा पडल्याला, धुरकाट. खात न्हवतं पैल्यांदा. मग खाल्लं."

त्या एवढंच बोलल्या आणि "वाच" म्हणाल्या. मी वाचलं. तहानेनं वेडा झालेला महेश अमिनाची घागर पाडून सांडलेलं पाणी चाटतो आणि ज्यानं छप्पर उपसून त्याला घातलं, तोच गफूर भान हरपून नांगराचा फाळ त्याच्या डोक्यात घालतो. महेश मरतो. बाप-लेक रात्रीच गाव सोडून तागाच्या गिरणीकडे निघतात. मला वाटलं आत्याबाई रडतील. त्यांनी विचारलं, "त्या पोरीनं काय खाल्लं आसंल त्या रातीला?" मग म्हणाल्या, "आमच्यातली बी किती जणं त्या साली सोलापुरास गिरणीत आली."

आणि मग त्यांनी हरण्याची गोष्ट सांगितली. लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या, मी ती कधी ऐकली नव्हती. त्यांच्या मुलानंही ऐकली नव्हती.

हरण्या आणि पाखऱ्या ही त्यांची खिलार जोडी. आत्याबाई लग्न होऊन आल्या तेव्हा हरण्या चौसा होता, म्हणजे चार दाती. १९७२ ला पावसानं दगा दिला, कडबा संपला. घरातली सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिच्या भाकरी. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, वाटायचे. आत्याबाई तेव्हा पोटुशी, थोरल्या वन्संच्या वेळी. "सासू म्हनायची, तुजी सुकडी तूच खा, कुनाला दिऊ नगंस." मामंजींनी जोडी मोडायचं ठरवलं. एक ठेवायचा, एक सांगोल्याच्या बाजारात न्यायचा. हरण्याचं नाव निघालं.

"आदल्या दिसाची सुकडी म्या खाल्लीच न्हाई. पदराला गाठ मारून आनली. रातीला समदी निजल्यावर गोठ्यात गेले. हाताव घातली. येवढीशी हुती. त्यानं चाटून घेतली, मग माजा हात चाटत ऱ्हायला. खरखरीत जीभ त्येची. हात सोडंना." त्या आपला उजवा तळहात उघडून बघत होत्या. "पोटातल्या पोराचं खाल्लं म्हून सासू मारंल, ह्या भ्यानं कुनाला बोलले न्हाई."

दुसऱ्या दिवशी मामंजी हरण्याला घेऊन गेले, संध्याकाळी परतले ते हातात नुसतं दावं घेऊन. जनावर विकताना दावं देत नाहीत, घेणारा आपलं आणतो. रुमालाखाली बोटं धरून हेड्यानं, म्हणजे गुरांच्या दलालानं, किती केले, ते आत्याबाईंना कुणी सांगितलं नाही. दावं दारामागच्या खुंटीला टांगलं. पाखऱ्या दोन दिवस खुट्ट वाजलं की मान वळवून बघत होता.

"दावं कुठंय मग ते?" मी विचारलं.

"झिजलं की गं. शेरडाला बांधलं, मग खाटंला बांधलं. दावं कवर टिकतंय."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. थोरल्या वन्सं आता चोपन्न वर्षांच्या आहेत, पुण्यात असतात, धडधाकट आहेत. त्यांना हे सांगायचं का, असं मी विचारलं तर आत्याबाईंनी जोरात मान हलवली. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "सांग. आता काय."

फोनवर वन्सं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हरण्या दिसायला कसा होता गं? विचार की तिला." मी विचारलं. पांढरा शुभ्र, मानेकडं जरा काळसर झाक, शिंगं मागं गेलेली आणि डोळ्यांत काजळ घातल्यागत. हे सगळं आत्याबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेऊन, मोठ्यानं, लेकीला सांगितलं. दोघी पाऊण तास बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

डोळा आता बरा आहे. टीव्हीही सुरू झालाय, पण जेवणं झाल्यावर त्या मला हाक मारतात. "आज कशाची?" म्हणतात. गेल्या महिन्यात मी घोड्यांवरचं एक पुस्तक आणलंय, ते चाललंय.

आमच्या गल्लीत एक म्हातारं कुत्रं आहे, पुढचे दात पडलेलं. काल संध्याकाळी मी कामावरून आले तर आत्याबाई पायरीवर बसलेल्या. पुढ्यात ॲल्युमिनियमची ताटली, ताटलीत कडक भाकरीचे तुकडे. आपली सोलापूरची कडक भाकरी, बोटांनी मोडली की कट्कन आवाज येतो अशी. त्यावर त्यांनी कोमट दूध ओतलं होतं आणि बोटांनी एकेक तुकडा दाबून बघत होत्या. कुत्रं ताटलीत तोंड घालायला बघत होतं आणि त्या कोपरानं त्याला मागं सारत होत्या.

"थांब की रं बाबा. भिजू दी."